खड्डा, सात चाळीसचा

लातुरात औसा रोडवर चार मजली अभ्यासिका आहे.
तीनशे वीस खुर्च्या, अठ्ठावीस एसी,
गच्चीवर सोलरच्या पाट्या, जिन्याखाली मीटरचं कपाट.
इमारत हुशार आहे, बिराजदार सर म्हणाले
आणि मोबाईलवर तिची नाडी दाखवली.

माझं काम एवढंच, इमारतीला विचारायचं :
तू किती सरकू शकतेस, बाई?
संध्याकाळी अख्खं शहर एकदम हात पसरतं
तेव्हा तू किती कमी मागशील, किती वेळ,
आणि नंतर किती वसूल करशील?

एप्रिलचा तिसरा आठवडा. बाहेर बेचाळीस.
भर दुपारी, सोलर उतू जात असताना
सगळे हॉल तेवीसवर आणून ठेवले.
शेजारणीला वाटीभर साखर द्यावी
तसा भिंतींना गारवा उसना दिला
आणि सहा वाजता परत मागायला बसले.
भिंतींनी पन्नास मिनिटं इमान राखलं.
पश्चिमेच्या भिंतीनं वीसच.
(तिच्यावर बाहेरून एका क्लासचा फ्लेक्स आहे,
दिवसभर उन्हात तापणारे गुणवंत चेहरे.)
मग एसी पुन्हा घरघरले,
आणि साडेनऊला इमारतीनं वाचवलेल्यातलं निम्मं
गुपचूप परत खाल्लं.
हेही लिहावं लागतं. लिहिलं.

पण आलेखात एक खड्डा होता.
रोज सात चाळीसला, अकरा किलोवॅटचा.
मी सूचना पाठवलेली नव्हती.
सॉफ्टवेअर त्याला म्हणत होतं स्वयंचलित प्रतिसाद,
हिरव्या रंगात, शाबासकीसकट.
अकरा तारखेला मात्र खड्डा नाही. बाराला नाही.
तेराला आहे, पण सात बावन्नला.
यंत्र कधी
बारा मिनिटं उशिरा येतं का?

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात उभी राहिले.
प्लास्टिकच्या चपला वर आल्या,
कमरेला पदर खोचलेला, हातात फडकं.
बटण, बटण, बटण. मग उत्तरेच्या खिडक्या.
"लेकरं मेसला जातेत.
रिकाम्या खुर्च्यायला कामून गार करायचं, माय?"
कुणी सांगितलं तुम्हाला?
"हे बी कुणी सांगावं लागतंय का?"
आणि अकरा तारखेला?
"भाचीचं लगीन होतं की, निलंग्याला."

सोजरबाई सव्वाआठला एसी परत लावतात,
लेकरं यायच्या पाच मिनिटं आधी.
शनिवारी मात्र आठलाच,
कारण शनिवारी खिचडी असते
आणि खिचडीवर कुणी रेंगाळत नाही.
त्या पश्चिमेच्या भिंतीचं काही खरं नाही,
हे त्यांना पहिल्या उन्हाळ्यातच कळलं होतं.
मला कळायला
सतरा सेन्सर लागले.

रात्री लॉजवर तक्ता भरला.
उपकरण : सोजरबाई.
सूचना मिळण्याची पद्धत : मेसमधल्या ताटांचा आवाज.
प्रतिसादाचा वेळ : चार मजले, जिन्यानं, नऊ मिनिटं;
गुडघा धरला असेल तर जास्त.
उपलब्धता : महिन्याला दोन सुट्ट्या वगळून.
खिचडीला रकाना नव्हता.
समासात लिहिली.

आठवड्यानं पुण्याहून फाईल परत आली.
लाल अक्षरात एकच ओळ :
मेक आणि मॉडेल नमूद करावे.

फोन लावला. मागं बादलीचा आवाज.
जन्मसाल काय तुमचं?
"कागद न्हाई माय त्याचा.
बहात्तरच्या दुष्काळात पाळण्यात होते म्हणतेत."

तसंच लिहिलं, त्यांच्याच शब्दांत.
फाईल पुन्हा धाडली
संध्याकाळी सात एकोणचाळीसला
आणि पुण्याच्या खोलीतला पंखा बंद करून
लातूरची ती रेघ
बघत बसले.